दहा महिन्यांच्या बाळाला दुसऱ्यांदा भूल द्यायची आहे : मेंदूचं काय?

रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर बागडत असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

लेक दहा महिन्यांचा आहे. जन्मतःच ओठ आणि टाळू दुभंगलेली. चौथ्या महिन्यात ओठ शिवला. इतका छान शिवलाय की नवीन माणसाला सांगावं लागतं. आता पुढच्या महिन्यात पुण्याला टाळूचं ऑपरेशन आहे, तारीख मिळाली आहे. म्हणजे वर्षाचा व्हायच्या आत दुसऱ्यांदा पूर्ण भूल.

परवा रात्री दोन वाजता नको ते करून बसले, गुगल केलं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) १४ डिसेंबर २०१६ रोजी इशारा दिला आहे की तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. त्यापुढे मला झोप लागली नाही. सर्जनना विचारलं तर "काही होत नाही हो" म्हणून पुढच्या पेशंटची फाईल उघडली. माणसाचा हात सोन्याचा आहे, पण ओपीडीत पाच मिनिटांच्या वर मिळत नाही.

सासूबाईंचं वेगळंच. "अगं, त्याची वरची टाळू अजून भरली नाही, मी रोज तेल जिरवतेय, आणि तुम्ही आतली शिवायला निघालात? दोन वर्षं थांबा." त्यांच्या माहेरी कुणाच्या तरी मुलाला "भुलीने मंद केलं" असं त्या शपथेवर सांगतात. नवरा दोघींच्या मध्ये गप्प.

थांबावं का? आणि करायचंच असेल तर मेंदूला जपण्यासाठी आई-बाप म्हणून आपल्या हातात नेमकं काय असतं?


निवांत_नाना

काळजी करू नका. पुतण्याचं हर्नियाचं ऑपरेशन दीड महिन्याचा असताना झालं, आता सीए करतोय. (मंद असता तर बरं झालं असतं, दिवसभर आम्हाला टॅक्स शिकवतो. ह. घ्या.)


खडूस

नाना, एका पुतण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. भुलीची औषधं विकणाऱ्या कंपन्या असले शोध दाबून ठेवतात. थांबा हाच सल्ला.


कोकणकडा

न्यू जर्सीहून. तो इशारा आला तेव्हा आमची मुलगी सहा आठवड्यांची होती आणि तिचा एमआरआय करायचा होता, त्यामुळे मी तो अक्षरशः पाठ केला होता. रानजाई, तुम्ही एक ओळ गाळलीत. त्याच इशाऱ्यात असंही म्हटलंय की एकदाच, थोड्या वेळासाठी दिलेल्या भुलीने अपाय होण्याची शक्यता कमी आहे. शिवाय गरजेचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, डॉक्टरांशी बोला, असंही. २०१७ मध्ये औषधांच्या माहितीपत्रकांत हे सगळं छापायला लावलं.

आमच्या मुलीला शेवटी भूल लागलीच नाही. हॉस्पिटलमधल्या नर्सने सांगितलं, चार तास झोपू देऊ नका, मग पोटभर पाजा. आम्ही पाजलं, त्यांनी दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कानांत बोळे घातले आणि त्या खडखडाट करणाऱ्या नळकांड्यात पोरगी पाऊण तास ढाराढूर. पण हे दोन-तीन महिन्यांपर्यंतच जमतं म्हणे. आणि अर्थात टाळू अशी गुंडाळून शिवता येत नाही.


भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, कोल्हापूरकडचा. पंधरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी लहान मुलांना झोपवण्यात. तुमच्या बाळाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा हा वैद्यकीय सल्ला समजू नका.

आधी भीती कुठून आली ते. १९९९ साली सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना मेंदूतला एनएमडीए हा ग्राहक (पेशीवरचा निरोप झेलणारा भाग) अडवणारी औषधं दिली, तर पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी मोठ्या संख्येने मेल्या. आमचं केटामाइन हे भुलीचं औषध याच प्रकारे काम करतं. २००३ मध्ये तसल्याच पिल्लांना मिडाझोलाम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन अशी मिश्र भूल सहा तास दिली. पेशी तर मेल्याच, शिवाय ती पिल्लं मोठी झाल्यावर पाण्यात वाट शोधायच्या परीक्षेत मागे पडली. कारण असं सांगतात की वाढत्या मेंदूत पेशी एकमेकींशी जोडण्या करत असतात आणि जिला कुणाकडूनच हाक येत नाही ती स्वतःहून मिटते. ही छाटणी एरवीही चालूच असते. भुलीत सगळा वाडाच गप्प होतो, म्हणून नको त्या पेशीही मिटतात.

खडूस, दाबून ठेवल्याचं म्हणता, पण माकडाच्या पिल्लांना चोवीस तास केटामाइन देऊन पुढे कित्येक वर्षं त्यांची शिकण्याची परीक्षा घेतली ती एफडीएच्याच प्रयोगशाळेने. ती पिल्लं मागे पडली आणि तसं छापलंही.

आता हे तुमच्या बाळाला किती लागू? उंदराच्या मेंदूची ही जोडण्यांची घाई दोन-तीन आठवड्यांत उरकते. माणसात ती गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून पहिली दोन-तीन वर्षं चालते. पिल्लाचे सहा तास आणि बाळाचे दोन तास एका तराजूत घालता येत नाहीत. शिवाय पिल्लाला श्वासाची नळी नसते, रक्तदाब कुणी मोजत नाही आणि ऑपरेशनही नसतं. आपल्याकडे हे तिन्ही असतं.

माणसांतला सगळ्यात नेटका प्रयोग म्हणजे गॅस ट्रायल. सात देशांतली २८ हॉस्पिटलं, हर्नियाची ७२२ तान्ही बाळं. चिठ्ठी टाकल्यासारखं निम्म्यांना सेवोफ्लुरेन या वायूची पूर्ण भूल, निम्म्यांना जागेपणी पाठीत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर. पूर्ण भूल साधारण ५४ मिनिटं. पाच वर्षांनी बुद्ध्यंक काढले तर एका गटाची सरासरी ९९.०८, दुसऱ्याची ९८.९७. कुठला आकडा कुठल्या गटाचा हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. अमेरिकेत भावंडांच्या १०५ जोड्या तपासल्या, एकाला तीन वर्षांच्या आत भूल मिळालेली, दुसऱ्याला नाही. तिथेही बुद्ध्यंक सारखेच. स्वीडनमध्ये चार वर्षांच्या आत एकदा भूल मिळालेल्या ३३ हजारांहून जास्त मुलांचे सोळाव्या वर्षीचे शाळेतले गुण काढले. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आई किती शिकलीय, मूल वर्षाच्या कुठल्या महिन्यात जन्मलं, यांनी त्याहून जास्त फरक पडत होता.

पण रानजाई, तुमचा प्रश्न दुसऱ्या भुलीचा आहे, तेव्हा गोड गोड बोलून सुटणार नाही. मेयो क्लिनिकने २०१८ मध्ये ९९७ मुलांचा अभ्यास छापला. वारंवार भूल मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यंक कमी नव्हता. मात्र बोटांचं बारीक काम आणि माहिती चटकन हाताळण्याचा वेग किंचित कमी आढळला. आता ज्या मुलाला वारंवार भूल लागते त्याला मुळात काहीतरी आजार असतो. फरक भुलीचा की आजाराचा, हे अशा अभ्यासातून सुटं करता येत नाही. तुमची दोन ऑपरेशनं त्या दृष्टीने लहान म्हणावीत अशीच आहेत.

थांबण्याबद्दल. टाळू शिवल्याशिवाय हवा नाकात निसटते, आणि मूल बोलायला लागतं तेव्हा प, ब, त, क नीट उमटत नाहीत. बोलणं गेंगाणं होतं आणि ते पुढे सुधारायला स्पीच थेरपीची वर्षं जातात, कधी आणखी एक ऑपरेशन, म्हणजे आणखी एक भूल. म्हणून वर्ष-दीड वर्षाच्या आत शिवतात. बेंबीचा हर्निया असता तर मी स्वतः म्हणालो असतो, चार-पाच वर्षांचा होऊ द्या, बहुतेक वेळा आपोआप बुजतो. जांघेतल्या हर्नियाला मात्र थांबू नये, आतडं अडकतं.

आता हातात काय असतं ते. मेंदूला जपायचं म्हटलं की लोकांना वाटतं कुठलं तरी वेगळं औषध असेल. झेनॉन, मेलाटोनिन, एरिथ्रोपोएटिन, उंदरांत बरंच काही चालतं. डेक्समेडेटोमिडिन हे झोप आणणारं औषध मी वापरतो, त्याच्या जोडीला भुलीचा वायू कमी लागतो. पण खरं सांगायचं तर मी ते वापरतो मुख्यतः बाळ आरडाओरडा न करता शांत उठावं म्हणून. माझा जीव अडकलेला असतो तो साध्या गोष्टींत.

एक प्रसंग सांगतो. शिकाऊ डॉक्टर घाबरलेला असतो, हातात श्वास द्यायची पिशवी असते, आणि भीतीने तो ती भराभर दाबतो. ऑक्सिजनचा आकडा १००, सगळे खूष. मी मात्र शेजारचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा बघत असतो. तो ३५ ते ४५ मध्ये हवा, आणि इथे २५ वर आलेला असतो. कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. वर बाळाचा रक्तदाबही भुलीने उतरलेला असेल तर मेंदूला रक्त दोन्हीकडून तोकडं. बाहेर आईला यातलं काही कळत नाही. माझ्या मते भुलीच्या औषधाइतकीच, कदाचित जास्तच, काळजी याची करावी. म्हणून विचारा : कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) लावणार ना? रक्तदाब किती वेळाने मोजणार?

थंडीचंही तसंच. सर्जनला दिव्याखाली घाम येतो म्हणून एसी अठरावर, आणि बाळ उघडं. आम्ही कानटोपी घालतो, हातपाय कापसात गुंडाळतो, खाली गरम हवेची गादी. साखर उतरू द्यायची नाही, सलाईनमधलं सोडियम कमी पडू द्यायचं नाही. आणि दुखू द्यायचं नाही. टाळूत सर्जन बधिर करायचं इंजेक्शन देतात, कधी आम्ही गालातल्या नसेचा ब्लॉक देतो. दुखणं कमी तर वायू कमी.

झुरिकच्या आणि इतर ठिकाणच्या काही भूलतज्ज्ञांनी 'सेफटॉट्स' नावाने हाच धोशा लावलाय : औषधांवर भांडत बसण्यापेक्षा बाळाचे सगळे आकडे जागेवर ठेवा, आणि लहान मुलांची सवय असलेल्या माणसाच्या हातात बाळ द्या. मला पटतं ते.


दशमी

भूलवाला, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

साखरेवरून आठवलं. लेकीचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन) सव्वा वर्षाची असताना झालं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. "रात्री बारापासून काही देऊ नका" एवढं सांगितलं होतं. नंबर सकाळचा होता, आधीचं ऑपरेशन लांबलं, आत घेतलं सव्वाअकराला. अकरा तास पाण्याचा थेंब नाही. ती रडून रडून शेवटी रडायचीही थांबली, माझ्या खांद्यावर नुसती पडून होती, ओठ पापडासारखे. मी नर्सला तीनदा विचारलं, तीनदा "आता घेतीलच". नंतर कळलं की पाणी द्यायला काहीच हरकत नव्हती. आठ वर्षं झाली, अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही.

लेक आता चौथीत आहे. बडबडीमुळे वहीत शेरा येतो. तो शेरा मी फ्रेम करून लावणार आहे.


भूलवाला

दशमी, ही तक्रार मी दर महिन्याला ऐकतो आणि दर वेळी लाज वाटते. वरचं दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी किंवा साखरपाणी दोन तास आधीपर्यंत. युरोपात आता पाणी एक तास आधीपर्यंत देतात. "रात्री बारापासून" हे बाळासाठी नाहीच. पहिला नंबर मागून घ्यायचा, आणि उशीर होतोय असं दिसलं की नर्सला नव्हे, भूलतज्ज्ञाला निरोप द्यायचा : पाणी देऊ का?


खडूस

शोधनिबंध शोधून वाचले. दाबून ठेवल्याचं विधान मागे. पण आमच्या आईच्या वेळी तान्ह्या बाळांना भूल न देता शिवत असत आणि ती जगलीच की.


भूलवाला

जगली त्यांचीच गोष्ट आपल्यापर्यंत येते. १९८० च्या दशकापर्यंत मोठ्या मोठ्या हॉस्पिटलांत समजूत होती की तान्ह्याला दुखत नाही. हालू नये म्हणून स्नायू ढिले करायचं औषध आणि थोडासा हसरा वायू, बस. के. जे. एस. आनंद या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये १९८७ साली दाखवलं की हृदयाजवळची नळी बांधायच्या ऑपरेशनात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण खूप कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही. हे आनंद इंदूरच्या मेडिकल कॉलेजचे.


इंदौरी_पोहे

इंदूरचं नाव निघालं आणि मी गप्प बसू? त्याच कॉलेजच्या एमवाय हॉस्पिटलसमोर तीस वर्षं राहतोय आणि हे आज कळतंय, तेही मराठी धाग्यावर! बाकी चालू द्या.


रानजाई

सगळ्यांचे आभार. भूलवाला, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. "गेंगाणं"पाशी त्या थांबल्या. त्यांच्या गावात एक बाई होत्या तशा, टाळू कधी शिवलीच नाही, सगळं गाव त्यांची नक्कल करायचं. माहेरच्या त्या मुलाचं म्हणाल तर त्याला जन्मतःच झटके येत होते आणि भूल त्यानंतरची, हे आता हळूच बाहेर आलं.

दोन शंका. त्याला सर्दी फार होते, कानही वाहतात, परवा हाका मारल्या तर वळला नाही. आणि हिमोग्लोबिन ९.२ आलंय.


भूलवाला

दोन्ही ऑपरेशनआधी सांगाच, लपवू नका. तारीख जाईल म्हणून लोक सर्दी लपवतात. छातीत घरघर किंवा ताप असेल तर भुलीत घसा आवळतो आणि ऑक्सिजन भराभर उतरतो. मेंदूला खरा धोका तो. दोन-चार आठवडे पुढे ढकललं तर टाळूचं काही बिघडत नाही.

हिमोग्लोबिनसाठी लोहाचे थेंब बालरोगतज्ज्ञांना विचारून आजच सुरू करा. वाढत्या मेंदूला लोह लागतं, भुलीचा विषय नसता तरीही.

आणि कानाचं बरं झालं काढलंत. टाळू दुभंगलेल्या बऱ्याच मुलांच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. सर्जनना सांगा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही त्याच वेळी बोलवा. पडद्यात नळी टाकायची असेल किंवा ऐकण्याची तपासणी झोपेत करायची असेल, तर एकाच भुलीत सगळं उरकतं. भुलीची संख्या कमी करायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही, आणि विचारल्याशिवाय तो कुणी करत नाही, कारण दोन डॉक्टरांच्या तारखा जुळवाव्या लागतात.


माजघर

ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांच्यासाठी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ओठ-टाळूचं ऑपरेशन येतं, अंगणवाडीत विचारा. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांतही मोफत होतं.


रानजाई

सात आठवड्यांनी येतेय, अपडेट द्यायला.

पहिली तारीख सर्दीने गेली. सर्जन जरा नाराज झाले, पण भूलतज्ज्ञ मॅडमनी आदल्या दिवशी वीस मिनिटं दिली. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. कॅप्नोग्राफ म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही नर्स का?" म्हटलं नाही, एका धाग्यावर असते.

नंबर पहिला मिळाला, साडेसातचा. पहाटे सव्वातीनला काढून ठेवलेलं दूध बोंडल्याने पाजलं, साडेपाचला साखरपाणी. आत नेताना तो मॅडमच्या गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळत होता. दोन तास दहा मिनिटं. टाळू शिवली, दोन्ही कानांत नळ्या टाकल्या, गोंदासारखं पाणी निघालं म्हणे. बाहेर आला तेव्हा डोक्यावर सासूबाईंनी विणलेली कानटोपी, लाळ लालसर, आवाज बसलेला, आणि माझ्याकडे अशा रागाने बघत होता की ओळखलंय हे नक्की.

चौथ्या दिवशी घरी कुकरची शिट्टी झाली आणि तो दचकला. याआधी कधी दचकला नव्हता. सासूबाईंनी लगेच वाटीतलं तेल घेतलं, वरची टाळू भरायचं काम त्यांच्याकडेच आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न. तोंडात हात घालू नये म्हणून कोपरांना ताठ पट्ट्या बांधल्यात. त्या पट्ट्यांनी तो पाळण्याच्या कठड्यावर ठाणठाण वाजवतो आणि स्वतःच खूष होतो. कधी काढतात?


दशमी

सर्जननाच विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं. आमच्या शेजारच्या बाळाला दोन आठवडे होत्या. तोवर कठड्याला जुनी गोधडी गुंडाळा.